पाइपावरचे तीन ठोके

आमच्या शिकागोच्या घरात सात वर्षं कुकरची शिटी पूर्ण वाजली नाही. कुकर फुरफुरायला लागला की आई हातातलं टाकून गॅसपाशी धावायची, चिमट्याने शिटी हलकेच उचलून धरायची आणि वाफ फुस्स करून सोडून द्यायची. दाण्याची चटणी कुटायची तर खलबत्त्याखाली दोन टॉवेल घडी घालून. घरात चपला नाहीत, बारा महिने जाड लोकरीचे मोजे. खुर्ची सरकवायची नाही, उचलून ठेवायची. मला शिंक आली तरी मी उशीत तोंड खुपसायची. शाळेतल्या मैत्रिणी यायच्या आणि कुजबुजत विचारायच्या, “तुमच्याकडे कुणी सिक आहे का?” कुणी आजारी नव्हतं हो. खाली घरमालकीण राहत होती, एवढंच.

ते घर डेव्हन ॲव्हेन्यूपासून दोन गल्ल्या आत होतं, लाल विटांचं, एकावर एक दोन बिऱ्हाडांचं. खाली मिसेस ब्रांट, वर आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी. डेव्हनवर तेव्हा साड्यांची दुकानं नुकती कुठे उघडू लागली होती आणि कोथिंबीर मिळाली म्हणून बाबा घरी फोन करून सांगायचे. घर गरम ठेवायला तळघरात बॉयलर होता, आणि त्याचा एक जाड लोखंडी पाइप मिसेस ब्रांटच्या स्वयंपाकघरातून आमची फरशी भेदून आमच्या स्वयंपाकघरात वर येत होता. भोक पाइपापेक्षा मोठं पाडलेलं होतं, त्यामुळे भोवती दोन बोटं फट राहिली होती. त्या फटीतून खालचं सगळं वर यायचं. कॉफीचा वास, परतलेल्या कांद्याचा वास, आणि दर शनिवारी दुपारी तिच्या रेडिओवरचा ऑपेरा. आईने पाइपाला जुनी गोधडी गुंडाळली होती आणि थंडीत मी तिथे पाठ टेकून बसायची. बाहेर बर्फ पडत असायचं, पाठीला ऊब लागायची, आणि जमिनीतून कुणीतरी बाई परक्या भाषेत रडत रडत गात असायची. जाग कुठली आणि झोप कुठली ते कळायचं नाही. मला पुष्कळ वर्षं वाटायचं, सगळ्यांच्याच घरी फरशीखाली कुणीतरी गात असतं.

तारखा-वारांचं मला विचारू नका, ते मला कधीच जमलं नाही आणि आता या वयात जमायचंही नाही. पण आम्ही त्या घरात राहायला आलो तो पहिला आठवडा मला लख्ख आठवतो. मी सहा वर्षांची होते. आई पोळ्या लाटत होती आणि गात होती. आई मिरजेची. लग्नाआधी अकरा वर्षं तिने एकाच गुरुजींकडे गाणं केलं होतं, आणि ती अमेरिकेला निघाली तेव्हा गुरुजींनी भीमपलासात स्वतः बांधलेली एक मराठी चीज तिला दिली होती, वाटेत खायला लाडू द्यावेत तशी. तानपुरा मामाकडे राहिला. ती चीज तेवढी बरोबर आली. त्या दिवशी ती तीच गात होती, लाटण्याच्या ठेक्यावर, अगदी मोकळ्या गळ्याने. तिने सम गाठली, हसून माझ्याकडे बघितलं, आणि पाइप वाजला. ठण्. ठण्. ठण्. सावकाश, लोखंडावर लोखंड. आईच्या हातातलं लाटणं पोळीवर तसंच थांबलं.

बाबा बाहेरच्या खोलीतून धावत आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “अगं, तक्रार आहे ती! इथे असंच करतात. आवाज झाला की पाइप ठोकतात. ऑफिसातल्या सगळ्यांनी सांगितलंय मला.”

“मी काय किंचाळत होते का?” आई म्हणाली.

“तसं नाही गं. पण चार घरमालकांनी तोंडावर दार लावलं, तेव्हा हिने घर दिलं. पहिल्याच आठवड्यात बाहेर काढलं तर पोरीला घेऊन कुठे जायचं आपण?”

आईने पोळी तव्यावर टाकली. “नाही गाणार. झालं?” म्हणाली. तिने कानाला खडा लावला तो लावलाच. त्यानंतर सात वर्षांत त्या घरात तिने गुणगुणलंसुद्धा नाही. आणि पाइपही पुन्हा वाजला नाही, त्यामुळे आम्हा सगळ्यांची खात्रीच पटली की गप्प राहिलो म्हणून टिकलो. घरात मालकिणीला कुणी नावाने हाक मारायचं नाही. आईच्या तोंडी ती नेहमी ‘खालची’. बाबा एक तारखेला खाली जाऊन भाडं देऊन यायचे, ती मान हलवायची, संपलं.

हल्ली मी जर्सी सिटीत अठराव्या मजल्यावर राहते. वरच्या मजल्यावर नागपूरचं एक तरुण जोडपं आहे, दोघंही घरूनच काम करतात आणि फावल्या वेळात बहुधा कपाटं सरकवतात. परवा लिफ्टमध्ये ती पोरगी मला म्हणाली, “काकू, आमच्यामुळे डिस्टर्ब होतं का हो? हा एक्सरसाइज करतो ना, किती सांगितलं याला!” मी म्हटलं, अगं, नाचा, उड्या मारा, भांडी फेका. तिला वाटलं मी टोमणा मारला. या पोरांना काय सांगायचं, की ज्या घरात आवाज होत नाही तिथे मला झोप लागत नाही!

तर, मी तेरा वर्षांची झाले आणि शाळेत आम्हाला एक प्रोजेक्ट मिळालं. ओळखीच्या म्हाताऱ्या माणसाला गाठायचं, त्याने कुठे काम केलं ते विचारायचं, टेप करायचं आणि त्या जागेचा इतिहास लिहायचा. माझे आजी-आजोबा सगळे तिकडे. ओळखीत म्हातारं माणूस एकच. आईला सांगितलं तर तिचा जीव खालीवर झाला. “खालचीकडे? नको गं बाई. आता महिन्याभरात जायचंय इथून, उगाच कशाला?” कारण बाबांनी पश्चिमेकडे, तासाभराच्या अंतरावर, घर घेतलं होतं. स्वतःचं, सुटं, चारी बाजूंनी गवत असलेलं. आई त्या घराच्या किचनबद्दल किंवा कपाटांबद्दल काही बोलायची नाही. ती एकच विचारायची, “भिंतीला भिंत नाही ना कुणाची?” मी तरीही खाली गेले. “आई, इट्स फॉर अ ग्रेड,” म्हटल्यावर तिचं काही चालायचं नाही.

मिसेस ब्रांट सत्तरीच्या असाव्यात. उंच, ताठ, केसांचा चप्प अंबाडा, पायात नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, मऊ बूट. त्या चालल्या की पावलं वाजायची नाहीत, आणि मला वाटायचं हे आमच्यावर लक्ष ठेवण्यासाठी. दार उघडून त्यांनी माझ्याकडे आणि माझ्या टेपरेकॉर्डरकडे बघितलं. मी काय हवंय ते सांगितलं. “मी जिथे काम केलं ती जागा?” त्या म्हणाल्या. “तिथे मी कुणाला दिसायचे नाही. चालेल?” मग त्यांनी मला टेबलाशी बसवलं, शहाजिरं घातलेला काळा पाव, लोणी आणि बटाट्याची कुरकुरीत थालीपिठं पुढे ठेवली, वर सफरचंदाचा आंबट गर. हो, थालीपिठंच, दुसरा शब्द मला तेव्हाही सुचला नाही. तीन शनिवार मी गेले. मधे रेडिओ बारीक लावलेला असायचा, खिडकीत जिरेनियमची कुंडी, कोपऱ्यात तो पाइप. आमचाच पाइप, पण खालून बघितलेला. मला ते फार विचित्र वाटलं, आपल्याच घराचं मूळ बघितल्यासारखं.

त्या जर्मनीतल्या एका शहराच्या ऑपेरात प्रॉम्प्टर होत्या, गाणाऱ्यांना हळूच पुढचा शब्द देणाऱ्या. शहराचं नाव त्या घ्यायच्या नाहीत, ‘आमचं शहर’ म्हणायच्या, म्हणून मीही लिहीत नाही. त्यांच्या मते त्या ऑपेराचे तीन जन्म झाले. पहिला जन्म ड्यूकच्या हातचा. ड्यूक म्हणजे तिकडचा संस्थानिक. आम्हा मिरजेच्या लेकींना संस्थानिक काय असतो ते सांगावं लागत नाही. त्याला शिकार आणि गाणं दोन्ही आवडायचं, म्हणून त्याने घोड्यांच्या पागेला लागून नाटकघर बांधलं. गाणारी मंडळी कमी पडायची तेव्हा वाड्यातलीच माणसं उभी करायचे. खर्जात गाणारा पहिला गवई दिवसा दारूच्या तळघराचा राखणदार होता, आणि प्रयोगाच्या दिवशी शेजारून घोडे खिंकाळले की लोक म्हणायचे, तिकडे दुसरी कंपनी गातेय. एका प्रयोगात मेणबत्तीने कागदी ढग पेटले. नाटकघर जळालं, घोडे वाचले, आणि कुणीतरी प्रॉम्प्टरची वही छातीशी धरून बाहेर आणली. “वही राहिली म्हणजे कंपनी राहिली,” मिसेस ब्रांट म्हणाल्या. “बाकीचं सगळं सुतार करून देतो.”

दुसरा जन्म गावकऱ्यांच्या हातचा, लाल मखमल, सोनेरी वेलबुट्ट्या, छताला गुबगुबीत पोरं रंगवलेली. त्यात त्या विसाव्या वर्षी शिरल्या. शिरल्या म्हणजे शब्दशः. रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक भोक असतं, वर लाकडी टोपण, आणि त्यात प्रॉम्प्टर बसतो, डोकं गवयांच्या पावलांच्या पातळीवर. लोकांना दिसतं ते फक्त टोपण. आत अंधार, धूळ, समोर वही आणि एक छोटा दिवा. पायाशी गरम पाण्याची पिशवी. “ऑपेरा मी पायांवरून ओळखते,” त्या हसत म्हणाल्या. “कुणाचे बूट फाटलेत, कुणाची टाच घाबरलीय, सगळं मला दिसायचं. आणि थुंकी! आमचा मोठा गवई ‘प्रेम’ म्हणाला की मला छत्री लागायची.” मी खो खो हसले आणि मग घाबरून तोंडावर हात ठेवला. त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. “तुमच्याकडे कुणी मोठ्याने हसत नाही का?” त्यांनी विचारलं. मी थालीपिठाचा तुकडा तोंडात घातला.

शब्द कसा द्यायचा तेही त्यांनी शिकवलं. गवई अडल्यावर दिला तर तो उशीर झाला. तो श्वास घेतो त्याच्या आधी आपण श्वास घ्यायचा, आणि ओळीचा पहिला शब्द त्याच्या ओठाशी ठेवायचा. एकच शब्द. पुढचं त्याचं त्याला येतं. माझ्याकडून त्यांनी ते करून घेतलं. रेडिओवरच्या बाईसाठी मी त्यांच्या वहीतून जर्मन शब्द देत बसले होते, अर्थ एकाचाही ठाऊक नव्हता, आणि त्या समोर बसून माझ्या श्वासाकडे बघत होत्या. माझी जीभ सारखी मागे पडायची आणि त्या टेबलावर बोट आपटायच्या, “आधी! आधी!”

दुसऱ्या शनिवारी बोलता बोलता त्या थांबल्या आणि टेपकडे बोट करून म्हणाल्या, “हे नीट लाव. आमच्या वाद्यवृंदाचा एक कंडक्टर होता, ज्यू. तीन वर्षं माझ्यासमोर उभा राहून त्याने वाजवून घेतलं. एके दिवशी प्रयोगाच्या पाटीवर त्याचं नाव नव्हतं. त्याच्या जागी दुसरा उभा राहिला, त्याने काडी उचलली, आणि आम्ही सुरू केलं. कुणी विचारलं नाही. मीही नाही. माझं काम सगळ्यांना शब्द द्यायचं, आणि त्या दिवशी माझ्याकडे एक शब्द नव्हता. हेही लिही. लोक ऑपेराच्या इतिहासात फक्त झुंबरं लिहितात.” मी लिहिलं. शाळेतल्या बाईंनी वहीत त्या परिच्छेदाला लाल रेघ मारून शेरा दिला की विषय सोडून आहे. मला अजून त्या बाईंचा राग येतो.

मग बाँब पडले. मखमल, वेलबुट्ट्या, गुबगुबीत पोरं, सगळं सकाळपर्यंत राख. मिसेस ब्रांट दुसऱ्या दिवशी बघायला गेल्या तर छप्पर नव्हतं, भिंती नव्हत्या, आणि उघड्या आभाळाखाली त्यांचं भोक तेवढं शिल्लक होतं, कारण ते जमिनीत होतं. त्या आत उतरून थोडा वेळ बसल्या. कुणाचेच पाय दिसत नव्हते, म्हणून वर आल्या. युद्ध संपल्यावर कंपनी एका शाळेच्या व्यायामशाळेत गायला लागली. वर चढायचे दोर लोंबतायत, भिंतीला मल्लखांबासारखे खांब, घामाचा जुना वास, आणि त्यात राजकन्या नवऱ्याचा लष्करी कोट घालून मरतेय. लोक तिकिटाऐवजी कोळशाचा एकेक तुकडा आणायचे, तो शेगडीत टाकायचा आणि बसायचं. भोक नव्हतं, म्हणून मिसेस ब्रांट भिंतीच्या कडेला पाण्याच्या पाइपाशी स्टूल घेऊन बसायच्या, मांडीवर वही आणि खिशात सूपाचा चमचा, कारण मध्यंतरात सगळ्यांना पातळ सूप मिळायचं.

हे त्यांनी तिसऱ्या शनिवारी सांगितलं. बाहेर पानगळ चालू होती आणि वरती आई सामान बांधत होती. फटीतून चिकटपट्टीचा चर्रर्र आवाज येत होता. “पहिल्या प्रयोगाला त्या राजकन्या झालेल्या बाईने असं गायलं,” मिसेस ब्रांट म्हणाल्या, “की मी शब्द द्यायला विसरले. तिला लागलेही नाहीत. तिचं संपलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण थंडीमुळे सगळ्यांचे हातमोजे! दोनशे माणसं जिवाच्या आकांताने टाळ्या वाजवतायत आणि आवाज काय, तर उशी झटकल्यासारखा. ती बिचारी उभी, तिला कळेना आपलं काय चुकलं. तेव्हा मी खिशातला चमचा काढला आणि पाइपावर मारला. तीनदा. पाइप सगळ्या इमारतीतून गेलेला, सगळी शाळा वाजली. मग लोकांनी बाकं ठोकली. ती तिथेच रडायला लागली.”

तेव्हापासून तो कंपनीचा रिवाज झाला. नवं थिएटर उभं राहिलं, तिसरा जन्म, काच आणि काँक्रीट, लोक पुन्हा उघड्या हातांनी टाळ्या वाजवू लागले. पण कंपनीतल्या माणसांनी टाळी वाजवायची नाही असं ठरलं. टाळ्या पाहुण्यांच्या, ठोके घरच्यांचे. आणि तेही उगाच कुणाला नाहीत. कुणी खरंच गायलं तर तीन, सावकाश, लोखंडावर. “माझ्या सगळ्या आयुष्यात मी अकरा वेळा ठोकलं,” त्या म्हणाल्या. “नवरा गेल्यावर मी भावाकडे इथे आले. अमेरिकेत एकदाच.”

मी शाळेच्या यादीतला पुढचा प्रश्न शोधत होते. सहज विचारलं, “इथे कुणासाठी?”

त्यांनी पाइपाकडे बघितलं. “वरती एक बाई राहायला आली. पहिल्याच आठवड्यात. गाण्याखाली काहीतरी ठेका होता, लाकडाचा, आणि त्यावर ती गात होती. मला एक अक्षर कळलं नाही. ती श्वास कुठे घेते तेवढं कळत होतं. मी सूप ढवळत होते, हातात पळी होती. ती थांबेपर्यंत थांबले आणि ठोकलं.” त्यांनी पावावरचे कण तळहाताने गोळा केले. “त्यानंतर ती पुन्हा गायली नाही. मी रोज वाट बघितली. मी नमद्याचे बूट का घालते घरात? तिने हळू आवाजात जरी गायलं तरी ऐकू यावं म्हणून. नंतर वाटलं, तुमच्या लोकांत खालून कौतुक करणं अपमानाचं असेल. विचारायचं धैर्य झालं नाही.”

टेप फिरत होती. मी थाळी तशीच टाकून जिना चढले आणि आईसमोर उभी राहून, रडत, हुंदके देत, अर्ध्या इंग्लिशमध्ये सगळं सांगितलं. मला वाटलं होतं आई हसेल, मला जवळ घेईल, धावत खाली जाईल. तेरा वर्षांच्या मुलीला असंच वाटणार. आई खोक्यावर बसली. तिने पाइपाकडे बघितलं, मग स्वतःच्या पायातल्या लोकरी मोज्यांकडे.

“सात वर्षं?” ती म्हणाली. मग एकदम उसळली. “सात वर्षं, नंदे! मी चोरासारखी राहिले गं स्वतःच्या घरात! इथे आल्यापासून तुला अंगाई म्हटली नाही कधी. कौतुक होतं तर वर यायचं होतं. दहा पायऱ्या चढून एक शब्द बोलायचा होता!”

“तूही खाली जायचं होतंस,” मी म्हटलं. हे वाक्य मी का बोलले ते मला आजही कळत नाही. आई उठून पुन्हा खोकं बांधायला लागली. त्या संध्याकाळी तिने कुकर लावला आणि चिमटा हातात घेतलाच नाही. शिटी वाजली, पूर्ण, घर दणाणून सोडणारी. दुसरी वाजली. तिसरी वाजली. बाबा दाराशी येऊन उभे राहिले, त्यांनाही मी सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले, “मीच घाबरलो होतो गं.” आईने गॅस बंद केला आणि भात वाढला.

पण ती गायली नाही. मी मागे लागले, ती म्हणाली, “गळा म्हणजे काय नळ आहे, सोडला की यायला?” मिसेस ब्रांटनाही मी जाऊन खरं काय ते सांगितलं. त्या उठल्या आणि त्यांनी फळीवरचा पिठाचा डबा खाली काढला. दुसऱ्या दिवशी आमच्या दाराबाहेर आलुबुखाराचा केक. आपल्याकडे रिकामं भांडं परत करत नाहीत, म्हणून आईने ताटलीतून चिरोटे पाठवले. मग खालून पाव आला, वरून दाण्याची चटणी गेली. ताटल्या जिन्यावरून वरखाली करत होत्या आणि दोघी बायका आपापल्या स्वयंपाकघरात. माझा जीव टांगणीला लागला होता. दिवस संपत होते. एकदा ट्रक आला की संपलं, त्या बाईला ती परत कधी ऐकू येणार नाही आणि आईला तो हिशोब आयुष्यभर सलत राहील, हे मला त्या वयातही कळत होतं.

आई पुढे खूप गायली. नव्या घरात रोज पहाटे रियाज, मामाने तानपुरा पाठवला, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तिचं गाणं ठरलेलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे आणि ती छान हसून नमस्कार करायची. घरी येताना गाडीत मी विचारायची, खूश ना? ती म्हणायची, “हो गं. पाहुणे छान होते.”

निघायच्या दिवशी शनिवार होता. दुपारचे चार वाजले असतील. ट्रक भरून बाबा पुढे गेले होते आणि आम्हाला न्यायला परत येणार होते. आई रिकामं स्वयंपाकघर झाडत होती. मी किल्ल्या द्यायला खाली गेले. मिसेस ब्रांटनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. रेडिओ त्या दिवशी बंद होता. त्या मला माझ्या नव्या शाळेचं काहीतरी विचारत होत्या आणि मधेच त्यांचा हात हवेत थांबला. वर झाडूचा आवाज थांबला होता.

आधी नुसता षड्ज आला. बारीक, खरखरीत, तपासून बघितल्यासारखा. मग पुन्हा. मग भीमपलास. त्या फटीतून, पाइपावरून खाली उतरत, गुरुजींची चीज आली. आवाजाला गंज चढला होता, एका जागी फाटलासुद्धा, पण रिकाम्या खोलीत तो भरत भरत गेला. मिसेस ब्रांट उभ्या होत्या, डोळे मिटून, ओठ किंचित उघडे. आईने अस्थाई म्हटली, दोनदा फिरून समेवर आली. अंतऱ्याच्या तोंडाशी थांबली. पुन्हा ती ओळ घेतली, पुन्हा तिथेच थांबली. सात वर्षांत शब्द गेला होता.

मिसेस ब्रांटनी डोळे उघडले आणि माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं. त्यांना तो शब्द येत नव्हता. मला येत होता. सहाव्या वर्षापर्यंत मी ती चीज रोज ऐकली होती. आईने तिसऱ्यांदा ओळ घेतली. मी स्टुलावर चढले, तोंड फटीपाशी नेलं, तिच्या आधी श्वास घेतला आणि म्हटलं, “सांजावलं.”

मग आईचा आवाज उठला, “सांजावलं”, आणि पुढचं तिचं तिला आलं. अंतरा तिने असा म्हटला की खिडकीतलं ऊन हळूहळू सरकत जिरेनियमच्या कुंडीवरून खाली उतरलं ते मला दिसत होतं आणि मी स्टुलावरून उतरायची विसरले होते. खाली मिसेस ब्रांट कधी बसल्या मला कळलं नाही. गाणं संपलं.

त्यांनी खण उघडून पळी काढली. पाइपाजवळ नेली. आणि हात मागे घेतला. “नको,” त्या म्हणाल्या. “मागच्या वेळी मी ठोकलं आणि ती गप्प झाली.” पळी त्यांनी टेबलावर ठेवली.

मी ती उचलली. पाइपावर मारली. एकदा. थांबले. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. सगळं घर वाजलं, तळघरापासून छपरापर्यंत. वरून काहीच आलं नाही. आम्ही दोघी छताकडे बघत उभ्या होतो.

मग वरून, आमच्याच बाजूने, पाइप वाजला. ठण्. ठण्. ठण्. आणि आईने पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.